करिअरच्या पानावर न येणारी कामं

संपादक साहेब,

नमस्कार. तुमच्या पेपरातलं करिअरचं पान मी मुलांसाठी म्हणून वाचायला लागलो आणि आता मुलं वाचत नाहीत, मीच वाचतो. डेटा, डिझाईन, ड्रोन सगळं येऊन गेलं. मध्यंतरी आतल्या एका पानावर सफाई कामगारांच्या सत्काराचा फोटो आला होता आणि खाली लिहिलं होतं 'निःस्वार्थ सेवा'. निःस्वार्थ कसली हो? पगारासाठी करतात ते, आणि का करू नये, मी पण ऑफिसात पगारासाठीच जातो, मला आजपर्यंत कोणी निःस्वार्थ म्हटलेलं नाही. सेवा म्हटलं की बरं असतं, मग पगार, हातमोजे, हक्काची सुट्टी याबद्दल बोलावं लागत नाही. आणि दुसरं म्हणजे या लोकांचं कौतुक आपण करतो ते फक्त घाण सहन करतात म्हणून, काम येतं म्हणून कोणी करत नाही. या पत्राचं कारण तेवढंच.

मला पण हे आई आजारी पडेपर्यंत कळलं नव्हतं. ती अंथरुणाला खिळली तेव्हा सुरुवातीला हॉस्पिटलमध्ये होती, एकदा रात्री मावशी दुसऱ्या पेशंटकडे होत्या म्हणून म्हटलं आपणच डायपर बदलू, त्यात काय. पाच मिनिटांत चादर, माझा शर्ट, आईचा गाऊन सगळं भरलं, आई रडायला लागली आणि मी बाथरूममध्ये जाऊन उलटी करून आलो. मग मावशी आल्या. एक शब्द बोलल्या नाहीत मला. आईला म्हणाल्या, "आजी, नातवंडं किती तुम्हाला?" आणि ती नावं सांगेपर्यंत तिला एका कुशीवर घेतलं, मळकी चादर लांबीने गुंडाळत पाठीशी नेली, तिच्या मागोमाग स्वच्छ चादर अर्धी अंथरली, आईला त्या गुंडाळीवरून दुसऱ्या कुशीवर घेतलं, पलीकडून मळकी ओढून काढली, स्वच्छ ताणून बसवली. पेशंटला उचललंच नाही! पुसताना पुढून मागे पुसायचं, उलट नाही, नाहीतर लघवीच्या जागी इन्फेक्शन होतं, हे त्यांनी मला नंतर बाहेर सांगितलं. दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा आणि माकडहाड बघायचं, लाल डाग दिसला आणि बोटाने दाबून तो पांढरा पडला नाही तर लगेच सिस्टरला सांगायचं, कारण बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, तिथून सुरू होते. नातवंडांचा प्रश्न पण उगाच नव्हता. माणूस बोलत असला की त्याला आपण उघडे आहोत याची लाज कमी वाटते. हे स्किल नाही तर काय आहे? पण कागदावर मावशी 'अनस्किल्ड' मध्ये.

गटाराचं तर विचारूच नका. आपल्याला वाटतं वास आला म्हणजे धोका आणि वास गेला की बरं. तिथे उलटं आहे. गटारात साचणारा हायड्रोजन सल्फाईड वायू थोडा असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, वास येणं बंद होतं, आणि त्याहून जास्त झाला तर माणूस काही श्वासांत कोसळतो. त्याला काढायला घाईघाईने उतरलेला दुसरा पण जातो, हे जगात सगळीकडे पुन्हा पुन्हा झालंय. म्हणून गॅस मीटर, हवा खेळती ठेवणारा ब्लोअर, अंगाला बांधलेला हार्नेस आणि वर एक माणूस कायम हजर, एवढं पाहिजेच, आणि खरं तर मशीनने होत असेल तर माणूस उतरवूच नये. एवढं सगळं ज्या कामात लागतं त्याला आपण 'काय, साफसफाई तर आहे' म्हणतो.

आता थोडं विषयांतर. १८५८ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये थेम्स नदीचा इतका वास सुटला की पार्लमेंटच्या पडद्यांना चुन्याचं ब्लीचिंगचं पाणी लावलं तरी खासदारांना बसवेना, आणि मग झटपट गटारांसाठी पैसे मंजूर झाले (वास साहेबांच्या नाकापर्यंत पोचला की कामं होतात, हे तेव्हापासूनचं आहे). ज्याने ती गटारं बांधली त्या इंजिनिअर बॅझलजेटचं स्मारक आज नदीकाठी आहे आणि असायलाच हवं. पण त्या कोट्यवधी विटा ज्यांनी रचल्या आणि नंतर ज्यांनी आत उतरून गाळ काढला त्यातलं एक नाव मला माहीत नाही, तुम्हाला तरी आहे का?

आणि मेम्फिस. अमेरिकेत १ फेब्रुवारी १९६८ ला पावसापासून आडोसा म्हणून दोन कचरा कामगार गाडीच्या मागच्या भागात शिरले, कचरा दाबणारं यंत्र सुरू झालं आणि दोघं त्यातच चिरडले. नंतर जवळपास १३०० कामगार संपावर गेले. त्यांच्या हातातल्या फलकांवर पगाराचा आकडा नव्हता, 'मी माणूस आहे' एवढंच होतं. मार्टिन ल्यूथर किंग त्यांच्या पाठिंब्यासाठीच त्या शहरात आले होते आणि ४ एप्रिलला त्यांना तिथेच गोळी घातली गेली. किंग यांचं भाषण शाळेत पाठ करतात, ते कचरेवाल्यांसाठी तिथे गेले होते हे मात्र मला चाळिशीत कळलं.

तर विनंती अशी की करिअरच्या पानावर एकदा ही कामं छापा. सत्काराचा फोटो नको. मुलाखत घ्या, काय शिकावं लागतं, किती दिवसांत हात बसतो, काय दुखतं, काय चुकलं तर जिवावर बेततं ते विचारा. फुटलेली काच कागदात न गुंडाळता टाकली, इंजेक्शनची सुई तशीच टाकली, तर पुढे ती कोणाच्या तळहातात घुसते हे पण ते सांगतील, मी सांगण्यापेक्षा बरं.

सगळ्यात अवघड काय हे मी त्या मावशींना आईला घरी नेताना विचारलं होतं. मला वाटलं वास म्हणतील. त्या म्हणाल्या, "वासाचं काय दादा, चार दिवसांत सवय होते. अवघड म्हणजे पेशंट सारखं माफ कर, माफ कर म्हणत राहतो ना, त्याला काय उत्तर द्यायचं ते अजून जमत नाही."

आपला एक वाचक