फ्रँकलिनची वेगळी पंगत

महोदय,

जुन्या सणासुदीच्या कार्टूनमधली वर्णभेदी दृश्ये कापून टाकावीत की राहू द्यावीत, या वादात माझेही दोन शब्द. गेल्या नोव्हेंबरात मी मुलीकडे न्यू जर्सीला होतो. थँक्सगिव्हिंग या अमेरिकेतल्या सहभोजनाच्या सणाच्या संध्याकाळी सात वर्षांच्या नातवाबरोबर १९७३ सालचे 'अ चार्ली ब्राउन थँक्सगिव्हिंग' पाहिले. अंगणात पिंगपाँगचे टेबल मांडलेले, वाढपी स्नूपी नावाचा कुत्रा, आणि पक्वान्न म्हणजे टोस्ट नि पॉपकॉर्न. नातू खिदळत होता. माझे लक्ष मात्र टेबलाच्या एका बाजूला गेले. ती अख्खी बाजू फ्रँकलिन या एकट्या काळ्या मुलाची. बाकीची सगळी समोर आणि टोकांना. त्याची खुर्चीही घडीची, कलंडणारी.

माझ्या पिढीच्या मराठी माणसाला हे दृश्य समजावून सांगावे लागत नाही. आमच्या गावी लग्नात वाजंत्र्यांची पाने अंगणाच्या कडेला पडत. त्यांना "तिकडे बसा" असे कोणी म्हणत नसे. ते आपणहून तिकडे जात आणि आम्हा पोरांना त्यात काही वावगे वाटत नसे. हे कार्टून काढणाऱ्यांच्या मनातही बहुधा काही नसावे. मला खटकते ते नेमके हेच.

कारण फ्रँकलिन जन्माला आला तोच मुळी ही पंगत मोडण्यासाठी. ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. त्यानंतर अकरा दिवसांनी लॉस एंजेलिसच्या हॅरिएट ग्लिकमन या शिक्षिकेने चार्ली ब्राउन ज्यातला, त्या 'पीनट्स' या वर्तमानपत्री चित्रमालिकेचे चित्रकार चार्ल्स शुल्झ यांना पत्र लिहिले, की तुमच्या चित्रांतल्या मुलांच्या टोळीत एक काळा मुलगा आणा. शुल्झ बिचकले. आपण उपकार केल्यासारखे तर दिसणार नाही ना, ही त्यांची भीती. मग बाईंनी आपल्या काळ्या मित्रांनाही लिहायला लावले आणि ३१ जुलैला समुद्रकिनाऱ्यावर चार्ली ब्राउनचा हरवलेला चेंडू घेऊन फ्रँकलिन आला. काळी-गोरी मुले एका शाळेत दाखवू नका, असे दक्षिणेतल्या एका संपादकाने कळवले होते. शुल्झ यांनी दाद दिली नाही. काढलेय तसे छापा, नाहीतर मी काम सोडतो, असे वितरकाला बजावल्याचे त्यांनी पुढे सांगितले आहे.

आता सांगा, कात्री कुठे लावणार? संगणकावर ती खुर्ची उचलून समोरच्या रांगेत नेणे आज अवघड नाही. पण मग इतक्या खटपटीने आणलेल्या मुलालाही पाच वर्षांनी टेबलाची वेगळी बाजू मिळाली, ही गोष्टच नाहीशी होईल.

पूर्वी अशी कापाकापी झाली, तिची फळे काय मिळाली तेही पाहू. १९४०च्या 'फँटेसिया' या डिस्नेच्या कार्टूनपटात गोऱ्या अश्वमानवींचे (अर्धी बाई, अर्धी घोडी) खूर पुसणारी सनफ्लॉवर नावाची काळी दासी होती. १९६९च्या पुनःप्रदर्शनात डिस्नेने तिला उडवले. पुढे काही प्रतींत चौकट इतकी जवळ आणली, की ती दिसतच नाही. यात काळ्या प्रेक्षकाला काय मिळाले? कंपनीचे कपडे तेवढे स्वच्छ झाले.

'टॉम अँड जेरी'त तर याहून वाईट घडले. आपल्याकडच्या पोरांनीही कार्टून नेटवर्कवर पाहिलेली ती काळी मोलकरीण, जिचे बहुतेक वेळा फक्त पायच दिसतात. ठसका आणि बोली ठरीव साच्यातली, म्हणून काळ्यांच्या संघटनांनी आक्षेप घेतला, आणि तो रास्त होता. १९६०च्या दशकात टीव्हीसाठी काही भागांत तिच्या जागी सडपातळ गोरी बाई रंगवली आणि आयरिश हेलाचा आवाज भरला. मूळ आवाज लिलियन रँडॉल्फ या काळ्या अभिनेत्रीचा. त्या काळी काळ्या नटीच्या वाट्याला मोलकरणीखेरीज फारसे येत नसे. (दर नाताळात अमेरिका पाहते त्या 'इट्स अ वंडरफुल लाइफ'मधली मोलकरीणही याच बाई.) जे काम मिळाले, तेही सुधारणेच्या नावाखाली पुसले गेले.

"आमच्या मुलांनी सणाच्या दिवशी अपमान का पाहायचा?" असे काळे आईबाप विचारतात, ते मात्र झटकून टाकता येणार नाही. १९३२च्या डिस्नेच्या 'सांताज वर्कशॉप'मधली काळी बाहुली निव्वळ टिंगलीसाठी आहे. तसले काही लहान मुलांपुढे लावूच नये. डिस्नेने २०२१ पासून 'डंबो', 'पीटर पॅन' हे जुने कार्टूनपट आपल्या 'डिस्ने प्लस' या ऑनलाइन सेवेवर सात वर्षांखालच्या मुलांच्या खात्यांतून काढले आणि मोठ्यांसाठी सूचना देऊन तसेच ठेवले, हे मला पटते. पण नुसत्या सूचनेवर भिस्त ठेवू नये. वाचता न येणाऱ्या पोराला तिचा काय उपयोग? तिथे शेजारी बसून बोलणारे माणूस लागते. घरी काय लावायचे ते आईबापांनी ठरवावे. मूळ प्रत गुपचूप बदलण्याचा हक्क मात्र मी कोणालाच देणार नाही.

दुसरी वाटही निघते. २०२४ साली 'वेलकम होम, फ्रँकलिन' हे नवे कार्टून आले. त्याच्या लेखकांत रॉब आर्मस्ट्राँग हे काळे चित्रकार आहेत. शुल्झ यांनी फ्रँकलिनला 'आर्मस्ट्राँग' हे आडनाव दिले ते यांच्यावरूनच, आणि तेही विचारून. यात पुन्हा एक टेबल आहे, पुन्हा फ्रँकलिन एका बाजूला एकटा. या वेळी टोळीतला लायनस त्याला हाक मारून आपल्या बाजूला बसवतो. जुन्या कार्टूनला कोणी हात लावलेला नाही, आणि जुने ठाऊक असल्याशिवाय या हाकेचे मोल कळत नाही.

मुलीने यंदा दोन्ही लागोपाठ लावायचे ठरवले आहे, आधी १९७३चे, मग २०२४चे. वाजंत्र्यांची गोष्ट मी फोनवरून सांगायची, असे ठरले आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, नाशिक