जुने मेल डिलीट करून पाणी वाचत नाही, मीटरचा आकडा दाखवा

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पाणी वाचवा यावर तुमच्याकडे ढीगभर पत्रं येत असतील, तरी हे लिहितोय, कारण सध्या या विषयावर जे बोललं जातंय ते ऐकून गप्प बसवत नाही. मी बरीच वर्षं कूलिंग टॉवरच्या मेंटेनन्सचं काम केलंय, म्हणजे मोठ्या इमारतींच्या आणि प्लांटच्या मागे ज्यातून पांढरी वाफ वर जाताना दिसते ते टॉवर. त्यामुळे डेटा सेंटर, म्हणजे इंटरनेट आणि एआय चालवणाऱ्या कॉम्प्युटरनी भरलेल्या इमारती, आणि एआय किती पाणी पितात यावर लोक भांडायला लागले की दोन्हीकडचं बरंचसं बोलणं मला अर्धवट वाटतं.

ऑगस्ट २०२५ ची गोष्ट घ्या. इंग्लंडमध्ये पाण्याची ओढ होती आणि तिथल्या दुष्काळाबाबतच्या सरकारी गटाने लोकांना घरगुती उपाय सांगितले, गळकं टॉयलेट दुरुस्त करा, पावसाचं पाणी साठवा, दात घासताना नळ बंद ठेवा, आणि त्याच यादीत जुने ईमेल आणि फोटो डिलीट करा असंही होतं, का तर डेटा सेंटर थंड ठेवायला पाणी लागतं. अहो, पडून राहिलेल्या मेलला कसलं पाणी लागतंय. डिस्कवर नुसती साठवलेली फाइल जवळजवळ उष्णताच करत नाही, उष्णता होते ती प्रोसेसर राबत असतात तेव्हा, आणि तुम्ही हजार फोटो एकेक उघडून बघत बसलात तर उलट त्यांना काम लावताय. त्याच यादीत गळक्या टॉयलेटमधून दिवसाला २०० ते ४०० लिटर पाणी वाया जाऊ शकतं असंही लिहिलं होतं, ते खरं कामाचं होतं, पण चर्चा झाली मेलची.

आणि त्याच महिन्यात गुगलने आकडा जाहीर केला की त्यांच्या जेमिनी या एआयला विचारलेल्या एका साधारण लेखी प्रश्नाला ०.२६ मिलिलिटर पाणी लागतं, म्हणजे जेमतेम पाच थेंब. लगेच दुसरी बाजू खूश, बघा म्हणे, उगाच बोंब मारत होतात. एकाच महिन्यात एकीकडे तुमच्या मेलने दुष्काळ वाढतोय आणि दुसरीकडे पाच थेंबांचं काय घेऊन बसलात. सामान्य माणसाने समजायचं काय?

पाच थेंबांचा आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण त्यात पाणी धरलंय ते फक्त डेटा सेंटर थंड करायचं, वीज तयार करताना वीज केंद्रात जे पाणी जातं ते त्यात नाही. याआधी २०२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड इथल्या शाओलेई रेन यांच्या टीमने हिशोब मांडला होता की चॅटजीपीटीशी २० ते ५० प्रश्नोत्तरं केली की अर्धा लिटर पाणी जातं, त्यात विजेचं पाणी धरलेलं होतं, मॉडेल जुनं होतं, मशीनही जुनी. म्हणजे दोन आकडे दोन वेगळ्या गोष्टींचे, आणि लोक ते एकमेकांच्या तोंडावर फेकतायत. वीज केंद्रातलं पाणी किरकोळ नसतं बरं का. अमेरिकेच्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या रिपोर्टप्रमाणे २०२३ मध्ये तिथल्या डेटा सेंटरनी थेट वापरलेलं पाणी सुमारे ६६ अब्ज लिटर होतं आणि त्यांच्या विजेपायी खर्च झालेलं पाणी त्याच्या साधारण बारापट.

पण माझं खरं म्हणणं वेगळंच आहे. एका प्रश्नाला किती थेंब हे मोजमापच चुकीच्या जागी लावलंय. टॉवर प्रश्न मोजत नाही, टॉवर उष्णता मोजतो.

तो चालतो कसा ते साध्या भाषेत सांगतो. मशीनमधली उष्णता घेऊन आलेलं गरम पाणी टॉवरच्या वरून फवारतात, ते फिलवरून, म्हणजे आतल्या जाळीदार थरांवरून, पातळ होत खाली उतरतं, पंखा हवा ओढतो आणि थोडं पाणी वाफ होऊन उडून जातं, जाताना बाकीच्या पाण्याची उष्णता सोबत नेतं. १ युनिट विजेची जेवढी उष्णता होते ती अशी घालवायला साधारण दीड लिटर पाण्याची वाफ व्हावी लागते. कंपनी कितीही चांगली असो, यात फरक पडत नाही, हा पाण्याचा गुणधर्मच आहे. आता १० मेगावॉटचं डेटा सेंटर धरा, आजकाल हे लहानच म्हणायचं. दिवसाला २ लाख ४० हजार युनिट, सगळी उष्णता टॉवरवाटे घालवली तर साडेतीन लाख लिटरच्या वर नुसती वाफ. पाणी उडालं तरी क्षार खालीच राहतात, टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, चढत जातो, तो चढू दिला तर ट्यूबवर थर बसतो, म्हणून काही पाणी मुद्दाम सोडून द्यावं लागतं, त्याला आम्ही ब्लोडाउन म्हणतो. क्षार पाचपट होईपर्यंत ताणलं तरी वाफेच्या पाव हिश्श्याइतकं पाणी त्यात जातं. सगळं मिळून दिवसाला साडेचार लाख लिटरच्या आसपास मेकअप वॉटर, म्हणजे बाहेरून नवीन भरावं लागणारं पाणी. माणशी रोज १०० लिटर धरले तर साडेचार हजार माणसांचं झालं हे.

लोक म्हणतात की पाणी तर पाइपातून गोल गोल फिरतं, मग संपेल कसं. आतलं फिरतं, ते बरोबर आहे, पण बाहेरच्या टॉवरमधलं उडतं. कुणी म्हणतं वाफ झालेलं पाणी पाऊस होऊन परत येतंच की. येतं, पण कुठे आणि कधी पडेल ते कोण सांगणार, ज्या तलावातून उचललं त्यातच पडेल याची खात्री नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे थंडीत बाहेरच्या हवेवर बऱ्यापैकी भागतं, पण ज्या दिवशी ऊन सगळ्यात जास्त त्याच दिवशी टॉवर सगळ्यात जास्त पितो. लोकांच्या टाक्याही त्याच दिवशी लवकर रिकाम्या होतात. वर्षाची सरासरी काढली की हे सगळं झाकलं जातं.

म्हणून जागतिक टक्केवारी मला पटत नाही. जगात उपसल्या जाणाऱ्या गोड्या पाण्यातलं ७० टक्क्यांच्या आसपास शेतीला जातं, त्यापुढे डेटा सेंटर म्हणजे चिमूटभर, हे खरंच आहे. पण पाणी काही एकाच टाकीत नाही. अमेरिकेतलं ओरेगन राज्यातलं द डॅल्स नावाचं छोटं शहर बघा. तिथे गुगलची डेटा सेंटर आहेत, ती किती पाणी घेतात हे एका वर्तमानपत्राने विचारलं तर व्यापारी गुपित म्हणून आकडा दडवला गेला आणि २०२१ मध्ये शहराने चक्क त्या वर्तमानपत्राविरुद्धच कोर्टात धाव घेतली. वर्षभराने तडजोड झाली, आकडा बाहेर आला, तर शहराच्या एकूण पाण्यातलं पाव हिश्श्याहून जास्त पाणी तिकडे जात होतं! एखाद्या गावात चौथा घोट कुणाचा हे गुपित कसं असू शकतं?

याच्या अगदी उलटं दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनमध्ये झालं. २०१८ मध्ये तिथे नळ कोरडे पडायची वेळ आली होती, १ फेब्रुवारीपासून माणशी रोज ५० लिटरची मर्यादा लावली आणि शहराने ऑनलाइन नकाशा काढला, कुठलं घर मर्यादेत आहे ते हिरव्या ठिपक्याने दिसायचं. यावर टीकाही झाली, शेजाऱ्यांना शेजाऱ्यांवर पाळत ठेवायला लावताय म्हणून, आणि ती टीका मला काही अंशी पटते. पण तीन वर्षांत शहराचा वापर साधारण निम्म्यावर आला हेही खरं. लोक करतात हो, आकडा समोर दिसला आणि आपल्यासोबत सगळेच करतायत असं वाटलं की करतात. आता हे शेजारी शेजारी ठेवून बघा, एकीकडे घरांचे ठिपके नकाशावर आणि दुसरीकडे कंपनीचा आकडा गुपित.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती 'ते एवढं पितात मग मी नळ कशाला बंद करू' या वाक्याची. हे मी आता घरात, ओळखीत, सगळीकडे ऐकतोय आणि तरुण मुलं जास्त म्हणतात. राग समजतो, पण थेंब थेंब गळणाऱ्या नळातून दिवसाला वीसेक लिटर जातात, ते कुणाच्याही डेटा सेंटरमुळे जात नाहीत. शिवाय आपला अंदाजही कच्चा असतो. अमेरिकेत शहझीन अत्तारी या संशोधकांनी २०१४ मध्ये हजारभर लोकांचा अभ्यास केला, तर कुठल्या कामाला किती पाणी लागतं हे लोक सरासरी निम्मंच धरतात असं दिसलं, आणि उपाय विचारला की बहुतेक जण कमी वेळ आंघोळ करू म्हणतात, फ्लशची जुनी टाकी बदलू असं फार कमी जणांना सुचतं. म्हणजे आपण मेल डिलीट करायला तयार, पण प्लंबरला बोलवायचं राहूनच जातं.

कंपन्या काहीच करत नाहीत असंही नाही. उरुग्वेत २०२३ मध्ये राजधानीच्या नळाला खारट पाणी येत होतं, त्या काळात गुगलच्या नव्या डेटा सेंटरसाठी दिवसाला ७६ लाख लिटर पाणी लागणार असल्याचं बाहेर आलं, लोक रस्त्यावर उतरले, नंतर तो प्रकल्प हवेने थंड करायचा ठरला. चिलीमध्येही विरोध आणि कोर्टानंतर कंपनीने तसाच मार्ग धरला. मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये नव्या सेंटरसाठी कूलिंगला पाणी न उडवणारं डिझाइन आणलं. पण हवेने थंड करायचं तर सहसा वीज जास्त लागते, आणि ती वीज कुठून आली यावर पाणी वाचलं की नुसतं दुसऱ्या गावाहून उचललं गेलं ते ठरतं. सांडपाणी शुद्ध करून टॉवरला देणं मला त्याहून बरं वाटतं, टॉवरला पिण्याचं पाणीच हवं असा हट्ट नसतो, ट्रीटमेंट नीट केली की चालतं, हे अनुभवाने सांगतोय.

युरोपियन युनियनने ५०० किलोवॉट आणि त्यावरच्या डेटा सेंटरना पाण्याचा आकडा कळवणं सक्तीचं केलंय, ही चांगली सुरुवात आहे. पण लोकांसमोर येतात ते देशाचे एकत्रित आकडे, एकेका सेंटरचे नाहीत. माझी मागणी इतकीच की प्रत्येक सेंटरचा आकडा त्या त्या जागेप्रमाणे यावा, महिन्याचा यावा, त्यात सगळ्यात गरम दिवसाचा वेगळा दिसावा आणि पाणी पिण्याच्या लाइनवरून आलं की शुद्ध केलेलं सांडपाणी होतं हे त्यात लिहिलेलं असावं. आणि संपादक साहेब, जलसाठा किती टक्के उरलाय हे तुम्ही छापता, त्याच्या शेजारीच हा आकडा छापा.

हे काही अवघड नाही, नवीन यंत्रणा लागत नाही. मेकअप लाइनवर मीटर असतो, ऑपरेटर दर शिफ्टला रीडिंग घेऊन लॉगबुकमध्ये लिहितो, मीही वर्षानुवर्षं लिहिलंय, रात्रीच्या शिफ्टला टॉर्च मारून. आकडा तिथे आजही लिहिला जात असेल.

आपला,
एक निवृत्त टॉवर ऑपरेटर