अंकोर एका दिवसात उरकत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुटीतील सहलींची पत्रके जळगाव, धुळे, भुसावळकडे फिरू लागली की त्यांत हल्ली एक ओळ हमखास दिसते: ‘बँकॉक-पट्टाया, सोबत एक दिवस अंकोर वाट’. भाजीवर कोथिंबीर फुकट मिळावी, तसे हे कंबोडियातले अंकोर. आपल्याकडच्या माणसाला त्यात काही वावगे वाटत नाही, कारण डोळ्यांसमोर अजिंठा असतो. सकाळी जळगावहून निघावे, एका दरीतली तीस लेणी पाहावीत आणि रात्री जेवायला घरी यावे. अंकोरचा परिसर मात्र सुमारे 400 चौरस किलोमीटरचा आहे. त्यातल्या एकट्या अंकोर वाट मंदिराचा खंदक 190 मीटर रुंद आहे आणि त्याचा फेरा पाच किलोमीटरहून अधिक भरतो.

खरी अडचण अंतराची नाही, हवेची आहे. जळगावची 45 अंशांची झळ सोसणाऱ्याला अंकोरशेजारच्या सिएम रीप शहराचे 35 अंश किरकोळ वाटतात आणि तिथेच तो फसतो. आपले ऊन कोरडे असते, घाम लगेच वाळतो आणि अंग गार होते. तिथल्या दमट हवेत घाम वाळतच नाही. अकरा वाजेपर्यंत आजी पायरीवर बसकण मारतात आणि मुले चिडचिड करू लागतात. त्यामुळे कामाचे तास पहाटे पाच ते दहा आणि दुपारी तीन ते साडेपाच एवढेच. साडेसात तासांत अंकोर वाट, बायोन, ता प्रोम्ह आणि बान्तेय स्रेई ही चार मंदिरे बसवायची म्हटली, तर गाडीत चढणे-उतरणेच जास्त होते.

आता हिशेब पाहा. एक दिवसाचे तिकीट 37 डॉलर, तीन दिवसांचे 62. बारा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही, पण वयासाठी पासपोर्ट दाखवावा लागतो. आई, वडील, आजी आणि दहा वर्षांची मुलगी अशा कुटुंबाला एका दिवसाचे 111 आणि तीन दिवसांचे 186 डॉलर पडतात. फरक 75 डॉलरचा. शिवाय हे तीन दिवस सलग असावे लागत नाहीत, दहा दिवसांत केव्हाही वापरता येतात. मध्ये कोणाचे पोट बिघडले तरी तिकीट वाया जात नाही.

तिकीटघर मंदिराजवळ नाही, हे पत्रकात कुणी छापत नाही. पहाटे अंधारात थेट मंदिर गाठणाऱ्यांना दारावरून परत पाठवतात, आणि तिकीट काढून येईपर्यंत सूर्य वर आलेला असतो. संध्याकाळी पाचनंतर काढलेले तिकीट दुसऱ्या दिवसाचे धरतात. तेव्हा पोहोचल्या संध्याकाळीच ते काढून ठेवावे. त्यावर फोटो असतो, ते दुसऱ्याला चालत नाही.

पहिल्या दिवशी अंकोर वाटला सूर्योदय झाला की सगळी गर्दी नाश्त्याला पांगते. आपण नेमके तेव्हाच आतल्या सज्जांत शिरावे, कारण बाकीची बहुतेक मंदिरे साडेसातला उघडतात. इथे एक चूक आपली माणसे हटकून करतात. देवळात शिरलो की पाय आपसूक डावीकडे वळतात, प्रदक्षिणेची सवय. अंकोर वाटचे दार पश्चिमेला आहे आणि भिंतीवरची शिल्पे उलट्या फेऱ्याने वाचायची आहेत. पश्चिमेकडून आत आल्यावर उजवीकडे वळा, म्हणजे शिल्पांची भिंत डाव्या हाताला राहील. आधी कुरुक्षेत्र: कौरव डावीकडून येतात, पांडव उजवीकडून, शरपंजरी भीष्म आणि अर्जुनाच्या रथावरचा चतुर्भुज कृष्ण मुलांना शोधायला सांगा. मग दक्षिण बाजूला हे मंदिर बांधणारा राजा दुसरा सूर्यवर्मन, त्याचे सैन्य आणि पुढे यमाचा दरबार. त्यातल्या नरकांपाशी मुले सर्वाधिक रेंगाळतात, हटकू नये. पूर्वेला वळल्यावर 49 मीटर लांबीचे समुद्रमंथन आहे, 92 असुर आणि 88 देव. एवढ्यालाच दोन तास सहज जातात. लंकेचे युद्ध पश्चिमेच्याच उत्तर अंगाला आहे, ते बाहेर पडताना पाहावे.

वरचा मजला, म्हणजे बाकान, दुपारसाठी ठेवा. पश्चिमेचे ऊन तेव्हा मंदिराच्या तोंडावर पडते. त्याचा जिना फार उभा आहे आणि बारा वर्षांखालील मुलांना वर सोडत नाहीत, म्हणून मोठ्यांनी पाळी लावून जावे. बौद्ध उपोसथाच्या दिवशी, महिन्यातून चारदा, बाकान बंद असते. पौर्णिमा, अमावास्या आणि दोन अष्टम्या घरच्या कॅलेंडरात पाहून त्या टाळल्या की झाले; एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, खांद्यावर नुसती ओढणी टाकलेली चालत नाही. सहावारीला काही अडचण नाही. अडतात ते बर्मुडावाले काका.

दुसरा दिवस बान्तेय स्रेईसाठी द्यावा. शहरापासून तास-सव्वा तासाचा रस्ता आहे आणि टुकटुकवाला त्याचे वेगळे पैसे घेतो, ते आधीच ठरवावे. इसवी सन 967 मधले हे गुलाबी वालुकाश्माचे छोटे मंदिर अंकोर वाटपेक्षा सरस आहे, असे आमचे मत. तिथल्या एका शिल्पपट्टीवर खांडववन आहे, वरून इंद्राचा पाऊस कोसळतो आहे. खानदेश हे नाव खांडववनावरून पडले असे सांगणारी मंडळी आपल्याकडे आहेत. ते खरे असो वा नसो, खानदेशी माणसाने ती पट्टी चुकवू नये. तिसऱ्या दिवशी साडेसातला ता प्रोम्ह गाठावे. झाडांच्या मुळांत गुरफटलेल्या या मंदिराच्या दुरुस्तीत आपले भारतीय पुरातत्त्व खाते आहे.

किरकोळ पण नडणाऱ्या गोष्टी. फाटकी किंवा शाई लागलेली डॉलरची नोट कुणी घेत नाही. एक-एक डॉलरच्या कोऱ्या नोटा ठेवाव्यात. नवा विमानतळ ऑक्टोबर 2023 पासून सुरू आहे आणि तो शहरापासून सुमारे 50 किलोमीटर आहे, जुन्या माहितीतल्या ‘पंधरा मिनिटां’वर विसंबू नये. शाकाहाऱ्यांनी ‘मांस नको’ एवढेच सांगून भागत नाही. माशाचे पाणी (फिश सॉस) आणि प्रहोक ही माशाची आंबवलेली चटणी भाजीतही पडते, त्यांची नावे घेऊन नको म्हणावे. दशम्या त्या हवेत लवकर बुरसतात. बिबड्या आणि शेंगदाण्याची चटणी टिकते.

बँकॉकहून बसने जाण्याचा बेत असेल तर थांबा. थायलंड-कंबोडिया सीमेवरच्या चौक्या 2025 च्या मध्यात तणावामुळे बंद झाल्या. परराष्ट्र मंत्रालयाची ताजी सूचना पाहूनच, विमानाचेच आरक्षण करावे.

सहल आखणाऱ्यांकडे आमची मागणी एवढीच की, पत्रकात ‘अंकोर वाट दर्शन’ असे मोघम न छापता तिकीट किती दिवसांचे आणि प्रत्येक मंदिरात तास किती, हे छापावे. ग्राहकांनीही आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी ते लेखी मागावे.

आपले,
दोन वाचक, जळगाव