अंगठा उठत नाही म्हणून धान्य अडवू नका

संपादक महोदय,
माझी आई सत्तरीची, आयुष्यभर उसाच्या रानात भांगलण केली, गुऱ्हाळावर राबली, तिच्या बोटांच्या रेषा पार झिजल्यात. गेल्या महिन्यात रेशन दुकानात मशीनवर तिचा अंगठा पाच-सहा वेळा लावला, बोट पदराला पुसून लावलं, खोबरेल लावून बघितलं, तरी मशीन घेईना, शेवटी पिशवी रिकामी घेऊनच घरी आली. दुकानदार तीस वर्षं ओळखतो हो तिला!

आधारला माझा विरोध नाही, बोगस कार्डं बंद व्हायलाच पाहिजेत. पण २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात सरकारी लाभासाठी आधार चालेल म्हटलंय तसंच अंगठा जुळला नाही म्हणून गरजूचा हक्क जाता कामा नये हेही आलंय, ते कुणी सांगतच नाही. आणि २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे म्हणून एकमताने सांगितलं, तो रेशनच्या रांगेतल्या बाईलाही आहे की नाही? इथं तर झेरॉक्सच्या दुकानात आधारच्या कॉप्या टेबलावर उघड्या पडलेल्या असतात. पासवर्ड बदलता येतो, बोट कसं बदलणार? शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार मिळतं, बायोमेट्रिक लॉक करता येतं, हे गावात किती जणांना माहीत आहे?

पुरवठा विभागाने प्रत्येक दुकानात ओटीपीची सोय आणि अंगठा न उठलेल्यांची नोंदवही ठेवावी, आणि धान्य त्याच दिवशी द्यावं.

एक वाचक, कोल्हापूर