नाणेसंग्रहाचा विषय आपल्या मुलखातून निवडावा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जुनी नाणी जमवण्याची आवड आपल्या मराठवाड्यात अलीकडे बरीच वाढलेली दिसते. मी या छंदात बऱ्याच वर्षांपासून आहे हे ठाऊक असल्यामुळे शाळेतली मुले, नुकतेच नोकरीला लागलेले तरुण आणि कधी कधी माझ्यासारखे निवृत्त गृहस्थही पिशवीत नाणी घालून माझ्याकडे येतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न 'याचे किती येतील?' असा असतो. 'मी नेमके काय जमवावे?' असे विचारणारा मात्र विरळाच भेटतो. माझ्या मते हा प्रश्न सर्वांत आधी विचारला गेला पाहिजे, आणि आपल्या भागातल्या माणसाला त्याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. एवढेच सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

सुरुवातीची दहा-बारा वर्षे माझ्याही संग्रहाला विषय नव्हता. मिळेल ते घेत गेलो. आखाती देशांत कामाला गेलेल्या ओळखीच्यांनी आणलेली नाणी, मोडीच्या दुकानात तांब्याच्या भावाने मिळालेल्या शिवराया, 1969 चा गांधीजींचा रुपया, षट्कोनी तीन पैसे, सगळे एकाच डब्यात पडत होते. पुढे शाळेच्या प्रदर्शनात ही नाणी मांडायचे ठरले, तेव्हा प्रत्येक नाण्याखाली लावण्यासाठी मी पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या कापल्या आणि लिहायला बसलो. देशाचे नाव आणि साल याच्या पुढे माझ्याजवळ लिहिण्यासारखे काहीच नव्हते. तीनशेच्या वर नाणी होती, पण एका नाण्याचा दुसऱ्याशी संबंध मला सांगता येत नव्हता. त्या रात्री कोऱ्या राहिलेल्या चिठ्ठ्या मी आजही जपून ठेवल्या आहेत.

विषय सापडला तो आमच्या आजीच्या चंचीत. ती गेल्यावर चंची उघडली, तर सुपारीच्या चुऱ्यात दोन रुपये निघाले. एकावर मुकुट घातलेला पंचम जॉर्ज, दुसऱ्यावर चारमिनार. पहिल्याला ती 'कलदार' म्हणत असे आणि दुसऱ्याला 'हाली'. निजामाच्या राज्यात इंग्रजांच्या रुपयाबरोबर संस्थानाचा स्वतःचा रुपया चालत होता, आणि परभणी, बीड, नांदेडच्या बाजारात दोन्हींचा हिशेब माणसे तोंडी करीत. 'सहा कलदारचे सात हाली' हे आजीचे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्याच हिशेबाने शंभर कलदारचे एकशे सोळा हाली रुपये, दहा आणे, आठ पै होतात. पण सहाला सातच का, हे मी तिला कधी विचारले नव्हते.

दोन्ही रुपये घेऊन मी सोनाराकडे गेलो. काट्यावर फरक इतका थोडा दिसला, की सातास सहा हा भाव त्यातून निघेना. पुढे नाण्यांच्या सूचीत प्रमाण वजने आणि धातूचा कस पाहिला, तेव्हा उलगडा झाला. कलदार 11.66 ग्रॅमचा, त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे 10.69 ग्रॅम. चारमिनारचा रुपया 11.18 ग्रॅमचा, पण चांदी शेकडा 81.8, म्हणजे सुमारे 9.14 ग्रॅम. 10.69 ला 9.14 ने भागले की 1.17 येतात, आणि सातला सहाने भागले तरी तेच येतात. आजीच्या तोंडचा हिशेब त्या दोन नाण्यांच्या चांदीत जसाच्या तसा उतरला होता. त्या दिवशी मी ठरवले की यापुढे आपण फक्त हाली सिक्का जमवायचा.

विषय ठरल्यावर पहिला बदल झाला तो असा, की आपल्याकडे काय नाही हे मला कळू लागले. चारमिनारच्या मधल्या कमानीत एक अक्षर असते. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या नाण्यावर ते 'मीम' आहे आणि 1911 मध्ये गादीवर आलेल्या उस्मान अली खान यांच्या नाण्यावर 'ऐन'. उस्मान अली खानांच्या हिजरी 1330 च्या रुपयांवर हा ऐन कुठे अर्धाच आहे, तर कुठे पूर्ण. हिजरी सालाबरोबर नाण्यावर राज्यारोहणापासूनचे वर्षही दिलेले असते, त्यामुळे एक साल दोन राज्यवर्षांत विभागले गेले की त्याच सालाची दोन वेगळी नाणी होतात. रुपयाखेरीज अधेली, पावली आणि चवली यांच्यावरही चारमिनारच आहे. हे सारे आकडे फारसी वळणाचे आहेत, पण ते शिकायला एक दुपार पुरते. सात हा वरच्या बाजूला उघडा असलेला कोन, आठ खालच्या बाजूला उघडा, आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. आमच्या गल्लीतल्या उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या एका गुरुजींनी मला ते ओसरीवर बसवून शिकवले. मराठवाड्यात असा शिकवणारा माणूस दोन घरे सोडून भेटतो, ही आपल्याकडची मोठी सोय आहे.

विषय निवडताना हा विचार मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. जे नाणे आपल्याला वाचता येते किंवा थोड्या कष्टाने वाचता येईल, जे आपल्या ऐपतीत बसते, जे अधूनमधून तरी नजरेस पडते आणि ज्याचे खरे-खोटे पाहायला आपल्याजवळ पुरेशी खरी नाणी आहेत, त्या नाण्याचा विषय टिकतो. यादवांच्या सोन्याच्या पद्मटंकाचे कुणालाही आकर्षण वाटेल. वाटीसारखे खोलगट नाणे, मध्ये कमळ आणि भोवती सिंघण, महादेव, रामचंद्र अशा राजांच्या नावांचे ठसे. पण नवशिक्याने तो विषय धरला तर वर्षाला एक नाणे घेणेही परवडणार नाही, आणि जे घेईल ते खरे आहे की नाही हे सांगणारा माणूसही जवळ सापडणार नाही. तो पद्मटंक त्याने संग्रहालयाच्या काचेतून खुशाल पाहावा.

राजवटीऐवजी एखादे ठिकाण धरूनही संग्रह करता येतो. एकट्या दौलताबादचा विचार केला, तर मुहम्मद बिन तुघलकाने 1327 मध्ये तिथे राजधानी आणली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत चांदीच्या टंकाऐवजी तांब्या-पितळेचे टंके चालवले. त्यांतल्या काहींवर 'तख्तगाह दौलताबाद' असे टांकसाळीचे नाव आहे, आणि 'जो सुलतानाची आज्ञा पाळतो तो दयाळू परमेश्वराची आज्ञा पाळतो' अशा अर्थाचे वचन आहे. पितळेला चांदीचे मोल यावे म्हणून हुकमाचा असा आधार घ्यावा लागला. तरीही घरोघरी खोटी नाणी पडली आणि शेवटी सुलतानाला ती परत घेऊन चांदी मोजावी लागली. 1347 मध्ये बहामनी सत्ता उभी राहिली तीही याच किल्ल्यात. छत्रपती संभाजीनगरातल्या एखाद्या तरुणाने मोगली रुपयांवरचे 'औरंगाबाद' आणि 'खुजिस्ता बुनियाद' हे एकाच शहराचे दोन उल्लेख शोधायचे ठरवले, तर त्याला आयुष्यभर पुरेल एवढे काम आहे. मोगली ठसा नाण्याच्या चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे पुष्कळ रुपयांवर टांकसाळीचे नाव अर्धवटच उमटले आहे. पूर्ण 'खुजिस्ता बुनियाद' दिसणारा रुपया हाती लागला म्हणजे काय वाटते, ते पन्नास अर्धवट रुपये पाहिलेल्यालाच कळते.

शिवराईविषयी थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे, कारण आपल्याकडे सर्वाधिक संग्राहक तिथूनच सुरुवात करतात. एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपती' ही अक्षरे पाहिली की हात आपोआप कपाळाला जातो, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु शिवराई महाराजांच्या नंतरही, पेशवाईत आणि तिच्याही पुढे, दीर्घकाळ पाडली गेली आणि वापरात राहिली. आज बाजारात मिळणाऱ्या शिवरायांपैकी बहुसंख्य नंतरच्या आहेत. दोन आडव्या रेघांची दुदांडी शिवराई तर उघडच उत्तरकालीन आहे. विकणारा प्रत्येक शिवराई 1674 च्या राज्याभिषेकाची म्हणून देतो, आणि घेणाराही श्रद्धेपोटी तसेच मानतो. ज्याला हा विषय खरोखर धरायचा आहे त्याने अक्षरांकडे पाहावे. 'शिव' की 'सिव', 'पति' की 'पती', ओळ कुठे तुटली, अक्षराचे वळण कसे, वजन किती, याची वही ठेवली तर शेपन्नास शिवरायांत त्याला स्वतःचे पोटविषय दिसू लागतील. आणि कृपा करून त्या चिंचेने घासू नयेत. मी माझ्या पहिल्या वीस-पंचवीस शिवराया चिंच आणि राख लावून लख्ख केल्या. तांब्यावर शतकभर चढलेला गडद थर गेला, त्याबरोबर अक्षरांच्या कडाही गेल्या, आणि ते नुकसान भरून निघाले नाही.

शाळकरी मुलांना मी यांपैकी काहीच सुचवत नाही. त्यांच्यासाठी चालू नाणी पुरेशी आहेत. सालाखाली हिऱ्याची खूण असेल तर मुंबईची टांकसाळ, तारा असेल तर हैदराबादची, ठिपका असेल तर नोएडाची, आणि काहीच नसेल तर कोलकात्याची. किराणा दुकानातून आलेल्या सुट्या पैशांतून दरसालची चार नाणी जमवायची, खर्च नाण्यावर छापलेला तेवढाच. हैदराबादची टांकसाळ पूर्वी निजामाचीच होती आणि नंतर ती भारत सरकारकडे आली, हे सांगितले की पणजोबांच्या हाली रुपयाशी आपल्या खिशातल्या ताऱ्याच्या रुपयाचे नाते मुलांना लगेच कळते.

महोदय, आता ज्या गोष्टीने मन अस्वस्थ होते तिच्याकडे वळतो. विषय नसलेला संग्राहक फसवणुकीला सर्वांत आधी बळी पडतो. ट्रॅक्टरचे चित्र असलेल्या पाच रुपयांच्या नोटेला किंवा वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात, असे संदेश मोबाइलवर फिरतात आणि आधी 'नोंदणी शुल्क' भरायला सांगतात. रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आपल्या नावाने होणाऱ्या फसवणुकीबद्दल सावध केले होते, तरी प्रकार थांबलेला नाही. रामदरबाराचे चित्र आणि 'ईस्ट इंडिया कंपनी 1818' असा मजकूर असलेली बनावट नाणी 'तांदूळ ओढणारी', म्हणजे जादूने तांदूळ स्वतःकडे खेचणारी, म्हणून विकली जातात. कंपनीने असे नाणे कधी पाडलेले नाही. त्यापायी एका शेतकरी कुटुंबाने जनावर विकलेले मी पाहिले आहे. ज्याने एका टांकसाळीची पन्नास खरी नाणी हातात घेऊन पाहिली आहेत, त्याला असले नाणे पहिल्या नजरेतच खटकते.

दुसरी गोष्ट पैठण, तेर, भोकरदन यांसारख्या जुन्या वसाहतींच्या परिसराची. पावसाळ्यानंतर नांगरटीत सातवाहनांची शिशाची आणि पोटीनची (तांबे, कथील, शिसे यांच्या मिश्रधातूची) नाणी वर येतात. एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला उज्जयिनी चिन्ह, म्हणजे फुलीच्या चार टोकांना चार वर्तुळे. ती मूठभर उचलून विकली गेली की त्यांचे ठिकाण हरवते, आणि ठिकाण हरवले की अर्धी माहिती गेली. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला 1906 मध्ये तेरा हजारांवर चांदीची नाणी एकत्र सापडली आणि अभ्यासकांपर्यंत पोहोचली, म्हणूनच त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने क्षत्रप राजा नहपानाच्या ठशावर आपला ठसा मारला होता, हे कळले. तीच नाणी दहा बाजारांत दहा-दहाने विकली गेली असती तर क्षत्रपांचा पराभव इतक्या ठळकपणे पुढे आला नसता. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास, काय सापडले, कुठे आणि कधी, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. म्हणून सातवाहनांची ओढ असलेल्याने आधी तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात दोन दिवस वही घेऊन बसावे, आणि शेतातली नाणी विकत घेण्याचा मोह टाळावा.

आपल्या दैनिकाला माझी एक विनंती आहे. कुठे नाण्यांचा हंडा निघाल्याची बातमी येते तेव्हा मथळ्यात 'लाखोंचा खजिना' असे शब्द असतात. त्याऐवजी नाणी किती, धातू कोणता, एकेकाचे वजन काय, अक्षरे कोणत्या लिपीत, भांडे मातीचे की तांब्याचे, एवढे तपशील आणि दोन्ही बाजूंचे स्वच्छ छायाचित्र आपण छापावे. शक्य झाल्यास आठवड्यातून एकदा आपल्या आठ जिल्ह्यांशी संबंधित एका नाण्याला चार ओळींची जागा द्यावी. पहिल्या अंकासाठी आजीच्या चंचीतल्या त्या दोन रुपयांची छायाचित्रे आणि वजने मी पाठवू शकेन.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, परभणी