मधला आवाज ऐकायला शिकवणाऱ्या काकांना

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार. समोर बसून आभार मानले असते तर ‘पुरे, चहा घे’ म्हणून तुम्ही विषय उडवून लावला असता. म्हणून हे जाहीर पत्र.

‘क्रॉस्बी, स्टिल्स अँड नॅश’ या तिघा गायकांचा त्याच नावाचा १९६९चा अल्बम तुमच्याकडे येण्याआधीही मला आवडायचा. पण पेटीच्या सुरात सूर मिसळून वाढलेला माझा कान; वरचा ठळक आवाज तेवढा धरायचा आणि बाकीचं साथीच्या खात्यात टाकायचा. तुम्ही आधी ‘ग्विनिव्हिअर’ लावलंत, कारण त्यात दोघेच गातात, क्रॉस्बी आणि नॅश. मग ‘हेल्पलेसली होपिंग’. तीन आवाज, मागे गिटार, लपायला जागाच नाही. ‘वरचा सोड, खालचाही सोड, मधल्याच्या मागे जा,’ एवढंच म्हणालात आणि गाणं परत परत लावत राहिलात. काकू वैतागल्या, त्यांचेही आभार!

तो मधला आवाज एकटा म्हणून पाहिला तर त्याला धड चालही नाही. एका स्वरावर रेंगाळतो, जेमतेम एखादी पायरी चढतो-उतरतो. पण तो काढला की वरचा आणि खालचा एकमेकांना परके होतात. मला हे कुठल्याही पुस्तकाने सांगितलं नसतं.

तिघं तीन बँडमधून आलेले. क्रॉस्बी ‘बर्ड्‌स’चा, स्टिल्स ‘बफेलो स्प्रिंगफील्ड’चा, नॅश इंग्लंडच्या ‘हॉलीज’चा. बहुतेक वाद्यं एकट्या स्टिल्सने वाजवली, म्हणजे हुकूम चालवायला त्याला वाव होता. तरी ‘सूट : ज्युडी ब्लू आइज’च्या सात मिनिटांत, गाणं त्याचं असूनही, तिघांचे गळे एका श्वासाने वळतात. मुखपृष्ठावर मात्र नावांचा क्रम चुकलाय : फोटोत डावीकडून नॅश, स्टिल्स, क्रॉस्बी. पुन्हा फोटो काढायला गेले तर ज्या घरासमोर तो काढला होता ते घरच पाडलेलं. हा किस्सा तुम्ही दर वेळी नव्याने सांगता आणि मी दर वेळी हसते.

आता आमच्या गायनवृंदात मधली पट्टी मी मागून घेते. कोणाला नकोच असते ती.

एक मात्र ऐकून घ्या. नील यंग चौथा म्हणून त्यांच्यात आल्यावरचा १९७०चा अल्बम ‘देजा वू’ सरस, हे तुमचं म्हणणं मला अजिबात मान्य नाही. रविवारी येते, भांडू.

तुमची,
खालच्या मजल्यावरची