वहीबद्दल, शुभाला

ठाणे,
रविवार

प्रिय शुभे,

तुझी चित्रांची वही मिळाली. ‘खरं सांग, गोड बोलू नकोस’ असं तूच लिहिलंयस, तेव्हा खरं सांगते. राग आला तर फोनवर भांडू नकोस, पत्रातूनच भांड. निदान ते ठेवता तरी येतं.

आधी आवडलेलं सांगते. एसटी स्टँडवरच्या बाकाचं पान. बाकावर माणूस एकही नाही, नुसत्या पिशव्या. एक खताच्या गोणीची शिवलेली, एक साड्यांच्या दुकानाची, तिसरीतून छत्रीची मूठ बाहेर आलेली. माणसं गाडीची चौकशी करायला गेलीत आणि लगेच परत येणार आहेत, हे पिशव्याच सांगतात. जागा धरून ठेवण्याची आपल्या लोकांची सगळी रीत त्या पानात आली. इस्त्रीवालाही छान. त्याचा डावा हात इस्त्रीच्या पुढे पुढे कापड सारखं करत जातो, तो तू नेमका पकडलायस.

आता म्हाताऱ्या. भाजीवाली, फुलवाली, देवळाच्या पायरीवरची, सगळ्यांचे डोळे तू पाणावलेले काढलेस. अगं, सकाळी अकराला भर बाजारात भाजीवालीला रडायला वेळ आहे कुठे? ती सुट्टे मोजते, मेथीवर पाणी मारते, शेजारणीच्या गिऱ्हाइकावर डोळा ठेवून असते. आमच्या वॉचमननं तुझं पाकीट माझ्याबरोबरच उघडलं (त्याला सगळ्यांच्या पार्सलांत रस असतो) आणि बघितल्याबरोबर म्हणाला, ‘मॅडम, ताजवा असा धरला तर वजन कसं होणार?’ बरोबर बोलला. तू तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिलीस आणि हाताकडे तुझं लक्षच गेलं नाही.

तुला अरुण कोलटकरांची ‘जेजुरी’ आठवत असेलच. १९७६ साली पुस्तक आलं, इंग्रजी कवितांचं. त्यात एक म्हातारी आहे. ती येणाऱ्याची बाही धरते आणि मागे लागते. तिला पन्नास पैसे हवेत, त्या बदल्यात ती घोड्याच्या टापेचं देऊळ दाखवणार आहे. ते तर बघून झालंय. तरी ती लंगडत मागे येतेच, बाही काही सोडत नाही. शेवटी वैतागून तो वळतो, आता हिला एकदाचं झटकून टाकू म्हणून. तेव्हा ती म्हणते की असल्या उजाड डोंगरांवर म्हाताऱ्या बाईनं दुसरं करायचं तरी काय? मग तो तिच्या डोळ्यांतून आरपार आभाळ बघतो, आणि त्या डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांच्या चिरा तिच्या कातडीबाहेर पसरत जातात. डोंगर तडकतात, देवळं तडकतात, आभाळ खळ्ळकन खाली येतं. म्हातारी मात्र धड उभी. आणि बघणारा? त्याची तिच्या हातातली चिल्लर होऊन जाते.

तिची दया करायला त्या कवितेत कुठे फट ठेवलेली नाही. भिकेचं नाणं त्याच्या हातातून तिच्या हातात जायचं, तर तोच नाणं होऊन बसला. त्याच पुस्तकाच्या सुरुवातीला बसमधला प्रवास आहे, तिथे समोरच्या म्हाताऱ्याच्या चष्म्यात प्रवाशाला स्वतःचाच चेहरा दोन ठिकाणी दिसतो. म्हणजे हा माणूस बघायला निघाला तो स्वतःला त्या चित्रात धरूनच. तुझ्या वहीत तू कुठे आहेस? ही सगळी माणसं कोण बघतंय, कुठे बसून, हातात काय घेऊन, ते एकाही पानावरून कळत नाही. मला वाटतं तिथेच ते डोळे पाणावतात.

मुंबईत काळा घोड्याच्या कोपऱ्यावरचं वेसाइड इन हे हॉटेल आता नाही. कोलटकर तिथे खिडकीजवळ वर्षानुवर्षं बसत. बाहेरच्या त्या तिकोनी जागेत फूटपाथवरची माणसं सकाळी इडल्या खायला जमत, कचरा वेचणाऱ्या बाया, भिकारी, कुत्री, कावळे. त्यावर कवितांचं पुस्तक निघालं २००४ साली, त्याच वर्षी ते गेले. खिडकीच्या आत चहा पीत बसलेल्या माणसानं बाहेरच्या गरिबीवर पुस्तकभर लिहायचं, हे ऐकायला बरं वाटत नाही ना? पण पुस्तकात पहिला बोलतो तो कुत्रा. त्याच्या अंगावरचे काळे ठिपके म्हणजे सात बेटं जोडली जाण्याआधीच्या मुंबईचा नकाशा, असं तोच सांगतो, चांगल्या ऐटीत. इडल्यांची वेळ म्हणजे तर मेजवानीच. आणि हा माणूस जेजे कलाशाळेत शिकलेला, जाहिरातींत चित्रकार म्हणून नोकऱ्या केलेला, हे विसरू नकोस. रेघ कुठे थांबवायची ते त्याला ठाऊक होतं.

गोष्टीत असं स्वतःला आत धरून बघणं आणखी अवघड. भाऊ पाध्यांच्या ‘वासूनाका’ कादंबरीवर (१९६५) अश्लील म्हणून केवढा गदारोळ झाला. माझ्या मते लोकांना शिव्या खुपल्या नाहीत, शिव्या देणाऱ्या पोरांना झापणारा कुणी शहाणा लेखक पुस्तकात भेटला नाही, ते खुपलं. सांगणारा पोक्या त्यांच्यातलाच, नाक्यावरच उभा. ते पुस्तक मला सगळंच आवडतं असं नाही, बायकांबद्दलची काही पानं आजही मला नकोशी होतात. पण नाका मात्र खरा आहे.

तुला चित्रकार हवा असेल तर सुधीर पटवर्धन बघ. हे आमच्या ठाण्याचे, पेशानं रेडिओलॉजिस्ट. पुण्यात डॉक्टर होऊन १९७३ला मुंबईत आले आणि २००५पर्यंत प्रॅक्टिस करत चित्रं काढत राहिले. दिवसभर माणसांचे एक्स-रे बघायचे आणि मग कामगार, लोकलमधली गर्दी, इराण्याच्या हॉटेलात बसलेला माणूस रंगवायचा. त्यांच्या माणसांना वजन असतं. खांदे, पोटं, मनगटं अशी की या माणसानं दिवसभर काय उचललं ते कळावं. पुढे त्यांनी लोअर परळसारखी मोठी दृश्यं केली, त्यांत पूल, रूळ, घरं एकाच जागेवरून दिसत नाहीत. आपण पुलावरून चाललोय आणि मान वळवतोय असं वाटतं. ती चित्रं छापील बघण्यात अर्थ नाही. कुठे प्रदर्शन लागलं तर माझ्याकडे ये, लोकलनं जाऊ, लेडीज डब्यात मेथी निवडणाऱ्या बायाही तुला काढायला मिळतील.

आणि रोजचंच काय काढायचं, असं मला परत विचारू नकोस. व्यंगचित्रकार मारियो मिरांदा पंचविशीत, वर्तमानपत्रात नाव व्हायच्या आधी, गोव्यात रोजनिशी ठेवायचा, शब्दांऐवजी चित्रांची. त्यात लग्नं, मयतं, शेजारी, कुत्री, कंटाळा. आपण कुणी थोर काढतोय असा आव कुठेही नाही, आणि स्वतःची टिंगल भरपूर.

तेव्हा पुढच्या वेळी बाजारात गेलीस की तुझी स्वतःची पिशवी चित्रात येऊ दे. तुझा गुडघा, तुझी चप्पल, वहीचा कोपरा, काहीही. भाजीवाली तुझ्याकडे बघत असेल तर तिला बघू दे. ‘घ्यायचं काही न्हाई, नुसतीच बसलीया’ हा भाव चेहऱ्यावर असेल तर तोच काढ. त्या डोळ्यांत पाणी घालायची गरज पडणार नाही.

पिशव्यांचं पान मी ठेवून घेतलंय, परत मागू नकोस. बाकी वही येत्या आठवड्यात धाडते. काकूंच्या गुडघ्याचं काय झालं, ते तू नेहमीसारखं लिहायचं विसरलीस, तेही कळव.

आणि हो, त्या भाजीवालीला तिचं चित्र दाखवलंस का? काय म्हणाली?

तुझी,
सुमा